सेवेत कोण आणि नोकरीत कोण?

आपल्या मंडळीत एक बोलणं इतकं रुळलंय की ते आता खटकतही नाही. पाळकसाहेब 'सेवेत' असतात, बायबलवूमन 'सेवेत' असते. वाळूजला सीएनसीवर उभा राहणारा पोरगा, जालन्याच्या रोलिंग मिलमधला फोरमन, जिल्हा रुग्णालयातली सिस्टर, लातूरच्या आडतीवरचा मुनीम हे सगळे मात्र 'नोकरीत'. नव्या सुवार्तिकाला हात ठेवून, प्रार्थना करून पाठवतात. नव्या फिटरसाठी कुणी हात ठेवल्याचं ऐकलंय का? ही वाटणी आपणच केली, आणि मग सोमवार ते शनिवार ख्रिस्ती माणूस कसा वागतो हे विचारायचं कुणाचं कामच राहिलं नाही.

पौलानं कलस्सैकरांना लिहिलं की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते वाक्य त्यानं दासांना उद्देशून लिहिलं होतं. म्हणजे झाडलोट आणि ओझी वाहणं हेच ते 'जे काही'. चौथा अध्याय उघडला की पहिल्याच वचनात धन्यांना बजावलंय, की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. आपल्याकडे दासांचं वचन नोकरांना ऐकवलं जातं आणि धन्यांचं ज्यांना ऐकवायचं ते पुढच्या बाकावर बसलेले असतात, म्हणून ते राहून जातं. याच मराठवाड्यात नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं. नुसतं उपासनामंदिर बांधून ते थांबले नाहीत, शेतीवाडीसकट गाव बसवलं. कामधंदा आणि भक्ती एकाच शिवारात असायला हवी, हे आपल्याला इथे नव्यानं शिकायचं नव्हतं.

आता वजनकाट्याकडे या, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

सोयाबीनच्या हंगामात खेडा खरेदी, म्हणजे गावोगावी जाऊन शेतकऱ्याचा माल विकत घेणारे आपले लोकही आहेत. पोतं काट्यावर चढतं, आकडा येतो आणि 'एक किलो पोत्याचं' म्हणून वजा होतं. तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं, प्लास्टिकचं साधारण शे-दीडशे ग्रॅम. पोतं प्लास्टिकचं आणि कपात एक किलोची, म्हणजे एका पोत्यामागे ८५० ग्रॅम सोयाबीन फुकट. १०० पोत्यांचे झाले ८५ किलो. भाव साडेचार हजार धरला तर ३,८२५ रुपये. पोतं ५० किलोचं असेल तर हे क्विंटलला साडेशहात्तर रुपये पडतात. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा ५० रुपये भाव जास्त दाखवून वर 'आपला ख्रिस्ती भाऊ चांगला भाव देतो' अशी वाहवा मिळवूनही क्विंटलमागे २६ रुपये खिशात राहतात. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात लिहिलंय की पिशवीत दोन वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. पिशवीतली वजनं गेली, पण कपातीच्या रूपानं ती काट्यावर आहेतच.

सरळ पद्धत अवघड नाही. रोज सकाळी पहिलं पोतं चढायच्या आत काट्याचा पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे का बघायचं. प्लॅटफॉर्म कलता असला की वजन कमी दाखवतं, आणि दाखवतं ते शेतकऱ्याचंच. मग शिक्का असलेलं २० किलोचं वजन चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये ठेवून पाच वेळा आकडा वाचायचा. एखाद्या कोपऱ्यात फरक आला तर लोडसेलमध्ये (वजन ओळखणाऱ्या भागात) किंवा खाली अडकलेल्या खड्यात दोष आहे, तो निघेपर्यंत माप बंद. रिकामं पोतं शेतकऱ्यासमोर ठेवून टेअर करायचं, म्हणजे आकडा शून्यावर आणायचा. भरलेलं पोतं भिंतीला किंवा दुसऱ्या थप्पीला टेकलेलं नसावं. आकडा दिसेल असं तोंड शेतकऱ्याकडे, आपल्याकडे नव्हे. वजनमापे खात्याकडून इलेक्ट्रॉनिक काट्याला वर्षाला पुन्हा शिक्का घ्यायचा असतो. तो कागद कपाटात न ठेवता काट्याच्या वर टांगायचा.

हवेचा, म्हणजे मालातल्या ओलीचा, मामला याहून नाजूक. तेलाच्या प्लँटला माल १०-२-२ लागतो, म्हणजे १० टक्के ओल, २ टक्के काडीकचरा, २ टक्के खराब दाणा. शेतकऱ्याची ओल १४ निघाली तर किती वजा करायचं? १०० किलोत कोरडा माल ८६ किलो. तोच १० टक्के ओलीवर आणला तर ९५ किलो ५५० ग्रॅम भरतो. म्हणजे न्याय्य घट साडेचार किलोच्या आत आहे. कुणी सरळ 'सहा किलो काटलं' म्हणाला तर वरचे दीड किलो कशाचे ते त्यानं सांगावं. यात चुका नेहमीच्याच होतात. पोत्याच्या तोंडाशी माल वाळलेला असतो आणि तळाशी ओला, म्हणून मूठभर नमुना चालत नाही. चार-पाच पोत्यांत परखी (नमुना काढायची पोकळ नळी) घालून, मिसळून घ्यावा लागतो. ओल मोजायच्या मीटरवर पीक हरभऱ्याचं लागलेलं असतं. मीटर उन्हात तापलेलं असतं किंवा सेल उतरलेला असतो. यातलं काहीही जाणूनबुजून करायची गरज नसते, नुसतं दुर्लक्ष पुरतं. आणि दुर्लक्षाचा फायदा दर वेळी एकाच बाजूला होत असेल तर त्याला दुर्लक्ष म्हणायचं का, हा प्रश्न ज्यानं त्यानं प्रार्थनेच्या वेळी स्वतःला विचारावा.

मजुरीबद्दल शास्त्र आणखी काटेकोर आहे. सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो, असं अनुवादात स्पष्ट आहे. महिन्याच्या पगारात सूर्यास्त म्हणजे सात तारीख धरा. पण पगार वेळेवर देणारेही पीएफमध्ये घसरतात. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, मालकाचा वाटा घालून ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. लेबर ठेकेदार कापतात आणि भरत नाहीत, कारण तो पैसा त्यांना फिरवायला बिनव्याजी भांडवल असतो. आपला ठेकेदार भाऊ असं करत असेल आणि त्यातूनच दशांश देत असेल, तर दानपेटीत पडलेला पैसा नक्की कुणाचा? १६ तारखेनंतर दोन-चार कामगारांचं पासबुक त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्यासमोर उघडून बघावं. एचआरमधल्या आपल्या ताईंना एवढं सहज करता येतं. याकोबानं लिहिलंय की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. आजकाल तिचं ओरडणं पासबुकातल्या कोऱ्या रकान्यात दिसतं.

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली. हिशेब असतो टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत, आणि वही असते मुकादमाच्या घरी. हंगाम संपला की 'बाकी' निघते, ती का निघाली हे कुणालाच सांगता येत नाही. ख्रिस्ती मुकादमानं वेगळं काय करावं? दोन वह्या ठेवाव्यात, एक टोळीकडे. तारीख, रक्कम, रोख की खात्यावर, कशासाठी, आणि सही. सही किंवा अंगठा बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. अर्धा कोयता तिचा आहे, तर उचलीची जबाबदारी तिला न विचारता तिच्या डोक्यावर कशी बसते? दर पंधरवड्याला पावत्यांवरचं टन आणि वही जुळवून, वाचून दाखवायचं. व्याजाचा रकाना मुळात आखायचाच नाही.

इथे नहेम्याचा पाचवा अध्याय उघडावा. लोकांनी शेतं, मळे, घरं गहाण टाकली होती, पोरं-पोरी दास्यात गेल्या होत्या, आणि कर्ज देणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या संतापला. पण आधी मनाशी विचार केला, मग मोठ्यांना समोर बसवून शेतं परत करायला लावली आणि शेकडा एकानं घेत होते तेही परत करायला सांगितलं. शेकडा एक! आपल्याकडे खाजगी सावकारीत महिन्याला शेकडा तीन हा दर 'ओळखीचा' समजला जातो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत गटाबाहेर असा धंदा करणारी माणसं आपल्याच बाकांवर आहेत, आणि मंडळीला ते ठाऊक आहे. नहेम्याला हे बोलायचा अधिकार होता, कारण १२ वर्षं अधिपती असून अधिपतीचा भत्ता त्यानं घेतला नाही. रोज दीडशे माणसांची पंगत मात्र त्याच्या मेजावर उठत होती.

कारखान्यातल्या नेतृत्वाकडे वळतो. लाइनवर बोअर (नगातलं भोक) लहान निघाला, ४० नग रिजेक्ट. सुपरवायझर सगळ्यांदेखत ऑपरेटरला झापतो. खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं. इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) एक कड किती नगांनंतर फिरवायची हे ठरलेलं असतं, पण शिफ्टचा आकडा गाठायला ती ताणायचं त्याच सुपरवायझरनं तोंडी सांगितलेलं असतं. मत्तय १८ मध्ये भावाला आधी एकांतात समजवायला सांगितलंय, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. हा क्रम शॉपफ्लोअरवर जसाच्या तसा चालतो. चहाच्या सुट्टीत बाजूला घ्या. हातात नग आणि गेज असू द्या. आधी विचारा: कड कधी फिरवली? गेजची तारीख उलटली आहे का? सेटिंग कुणी केलं? माझ्या सांगण्यानं झालं का? शेवटचा प्रश्न विचारायला छाती लागते, आणि चूक आपली निघाली तर ती वरिष्ठांपुढे कबूल करायला त्याहून मोठी.

तपासणीच्या कागदाचंही तसंच. पहिला नग, मधला नग, शेवटचा नग मोजून आकडे लिहायचे असतात. शिफ्ट सुटताना बसून तिन्ही रकाने भरले जातात. आकडे शतांशापर्यंत एकसारखे दिसले की समजावं, व्हर्निअर खिशातून निघालाच नाही. वॉर्डात सकाळी सहाला एका बैठकीत भरलेला रात्रीचा तापाचा तक्ता हा याचाच जुळा भाऊ. 'तुमचं होय ते होय' हे आपण शपथेपुरतं ठेवलंय. माझ्या मते ते तक्त्यालाही लागू आहे.

मंडळीच्या कारभाराबद्दल थोडंच, कारण यावर भांडणं पुष्कळ झालीत. इथ्रो हा मिद्यानी, इस्राएलाबाहेरचा. त्यानं जावयाला, मोशेला, सांगितलं की एकट्यानं सगळं करशील तर तूही झिजशील आणि लोकही. दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर, हजारांवर माणसं नेम, लाचेचा तिटकारा असलेली. मोशेनं ऐकलं. आपल्याकडे चेकबुक, पासबुक आणि शिक्का एकाच माणसाच्या बॅगेत वर्षानुवर्षं असतो. दानार्पण उपासना संपताच, नात्यात नसलेल्या दोघांनी, नोटांच्या चिठ्ठीसकट मोजावं आणि दोघांनी सही करावी. सोमवारी बँकेत. हंगामाच्या सणाच्या लिलावात पाचशेला उधार घेतलेला भोपळा त्याच दिवशी वहीत चढावा. करिंथकरांना लिहिताना पौलानं वर्गणीसोबत इतर भावांना का पाठवतोय ते सांगितलंच आहे: कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. पौलाला ही काळजी होती, आपल्या खजिनदाराला नसावी?

आणि क्षमेच्या नावाखाली अपहार झाकणं थांबवा. जकातदार जक्कयानं येशूला घरात घेतलं आणि चौपट परत करायचं बोलला. क्षमा मिळाली म्हणून रक्कम माफ होत नाही. हप्ते बांधून घ्या, लिहून घ्या, आणि त्या माणसाच्या हातात पुन्हा रोकड देऊ नका.

प्रार्थनेबाबत माझं मत काहींना रुचणार नाही. साहेब ख्रिस्ती आणि हाताखालचे वेगवेगळ्या धर्मांचे असतील, तर केबिनमध्ये प्रार्थनेला 'या' म्हणणं हे आमंत्रण राहत नाही. ज्याच्या हाती रजेचा अर्ज असतो त्याला नाही कोण म्हणेल? एकट्यानं करा, दहा मिनिटं लवकर या. भरतीत फक्त आपल्या माणसांची चिठ्ठी चालवणं हेही विश्वासाचं काम समजू नका.

रविवारची सुट्टी मागताना उपकार नको, अदलाबदल करा. किमान आठवडाभर आधी, लेखी, आणि बदल्यात पोळा, ईद, १४ एप्रिल, दिवाळीचा पाडवा यातली ड्युटी स्वतःहून घ्या. घरचंही बघा. अनुवादात शब्बाथ पाळायचं कारण दिलंय ते हे, की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. आपण उपासनेत आणि आपली भांडी घासणारी मावशी त्याच वेळी आपल्या मोरीत, हे कसं बसतं?

शेवटचं शेतकऱ्यांसाठी. रूथच्या गोष्टीतला सरवा आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, शब्दच आपल्या रानातला आहे. कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाला आणि परक्याला, असा लेवीयातला नेम आहे. कापसात मात्र एक अडचण आहे. सरव्यासाठी रान उभं ठेवलं की फरदड होते, म्हणजे जुन्याच झाडांना पुन्हा बोंडं धरतात, आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. शेजाऱ्याचंही नुकसान. म्हणून शेवटची वेचणी झाली की वस्तीवर दोन दिवस आधी निरोप द्यायचा, अमुक दिवशी रान मोकळं आहे. त्या दिवशी बांधावर राखण ठेवायची नाही, आणि वेचलेल्या कापसाला आपल्याच काट्यावर बाजारभाव द्यायचा. चौथ्या दिवशी पऱ्हाट्या उपटायच्या. चुलीला लागतील तेवढ्या त्यांना नेऊ द्यायच्या, उरलेल्या बांधावर रचून न ठेवता कुट्टी करून टाकायच्या, कारण अळी वाळक्या बोंडात तिथेही दडून राहते.