शहाळ्याने ‘हार्ट ब्लॉक’ सुटत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: हृदयाला वीज मेंदूकडून मिळते; ‘हार्ट ब्लॉक’ म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं; पोटॅशियम हीच हृदयाची वीज, म्हणून रोज चार शहाळी प्यायली की ब्लॉक सुटतो आणि पेसमेकर टळतो; ठोका थांबतोय असं वाटलं तर जोरात खोकावं. चारही विधानं चूक आहेत. पहिलं निरुपद्रवी, तिसरं मात्र जिवावर बेतणारं.

मेंदूचं आधी उरकू. उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), वरची महाशीर जिथे उघडते तिथे एसए नोड हा पेशींचा पुंजका असतो. त्याच्या पेशी आपल्या आपण मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा संदेश सोडतात; नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, तरी ते चालतं. उलट जरा जलदच, कारण लगाम धरणारी व्हेगस नस तुटलेली असते.

दुसरा घोटाळा ‘ब्लॉक’ या शब्दाचा. हार्ट ब्लॉकमध्ये रक्ताची नव्हे, विजेच्या संदेशाची वाट अडते. एसए नोडचा संदेश अलिंदांत पसरतो आणि अलिंद आणि निलय (खालचे कप्पे) यांच्यामधल्या एव्ही नोडपाशी जवळजवळ ०.१ सेकंद रेंगाळतो. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबलेली कोकण रेल्वेची गाडी आठवा. हा थांबा हवाच, तेवढ्यात अलिंदातलं रक्त खाली निलयात उतरतं. पुढे संदेश निलयांत नेणारे तंतू: हिसचा जुडगा, त्याच्या डाव्या-उजव्या शाखा आणि पुरकिन्ये तंतू; इथे वेग सेकंदाला २ ते ४ मीटर, म्हणून दोन्ही निलय जवळपास एकदम आकुंचन पावतात. ईसीजीवर (हृदयाच्या विजेच्या आलेखावर) पीआर अंतर, म्हणजे संदेशाला अलिंदांतून निलयांपर्यंत लागणारा वेळ, ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे कागदावरचे ३ ते ५ छोटे चौकोन. पाचांहून जास्त भरले तर पहिल्या दर्जाचा ब्लॉक. त्याला बहुधा काही करावं लागत नाही. तिसऱ्या दर्जात वरचा एकही संदेश खाली पोचत नाही, निलय आपल्या मंद गतीने, मिनिटाला ३०-४० ठोक्यांवर चालतात आणि माणूस घेरी येऊन पडतो. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) तुंबलेल्या नळीसाठी असतो, या तुटलेल्या वाटेसाठी पेसमेकर (विजेचे ठोके देणारं छोटं यंत्र). दोन्हींचा संबंध कधी येतो तो असा, की एव्ही नोडला रक्त बहुतेकांत हृदयाच्या उजव्या धमनीतून जातं. ती अचानक तुंबली तर हृदयविकाराच्या झटक्यासोबत ब्लॉकही होऊ शकतो.

आता शहाळं. पोटॅशियम हे इंधन नव्हे. पेशीच्या आत ते लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर रक्तात ३.५ ते ५. संदेश या फरकावर चालतो. रक्तातलं वाढलं की फरक घटतो आणि वाट मंदावते: ईसीजीवर आधी टी लाट (निलय पूर्ववत होतानाची) टोकदार होते, मग पीआर लांबतं, पी लाट (अलिंदांची) पुसली जाते, क्यूआरएस (निलयांची लाट) रुंदावतं, शेवटी हृदय थांबतं. म्हणजे ज्यावर उपाय सांगितलाय, तोच ब्लॉक यातून उद्भवू शकतो.

शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ३०० मिलीची चार शहाळी म्हणजे ३ ग्रॅम, जेवणातलं वेगळं. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. पण मूत्रपिंड दुबळं असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखं रक्तदाबाचं-हृदयाचं औषध चालू असेल तर ते साठतं. त्यात मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम हे ठोके मंदावणारं औषध एव्ही नोडला आधीच मंद करत असेल, तर नाडी घसरते, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, पोटॅशियम आणखी चढतं. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियम क्लोराइड असतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. उलट्या-जुलाबांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं, तर ठोके चुकतात हे खरं. पण ते रक्त तपासून भरून काढायचं असतं. उन्हातून आल्यावर धडधाकट माणसाने एक शहाळं प्यावं, त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

खोकण्याबद्दल दोनच वाक्यं. हृदय थांबल्यावर काही सेकंदांत शुद्ध जाते, मग खोकणार कोण? तिथे छाती दाबायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ला फोन.

शुद्धीवर असलेल्याला घेरी येत असेल तर आडवं झोपवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ४० च्या खाली असेल तर लगेच १०८ बोलवा. ईसीजी घेरी चालू असतानाचा मिळाला तर उत्तम, ती पट्टी जपून ठेवा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि शहाळी किती प्यायली तेही डॉक्टरांना सांगा.