बायकांचा आपसातला आधार

स्तनाच्या कर्करोगात घरच्यांनी रुग्णाला धीर कसा द्यावा, हे तुमच्याकडे आलेल्या लेखात छान मांडलंय. पण त्याच वाटेवरच्या बायका एकमेकींना जे देतात, ते घरच्यांना कितीही जीव असला तरी देता येत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयात झाले, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. लाल केमोनंतर, म्हणजे लाल रंगाच्या कर्करोगाच्या औषधानंतर, लघवी लाल झाली तेव्हा त्या रडायलाच लागल्या. शेजारच्या ताई म्हणाल्या, "अहो, त्या औषधाचा रंग आहे तो, मलाही झालं होतं. उद्या जाईल." ऑपरेशननंतर ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची बाटली, ठेवायला कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकवायची, हेही त्यांनीच दाखवलं. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दोघी मिळून करायच्या. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो, हे नर्सनी सांगितलं होतंच, पण घट्ट बांगड्या उतरवल्या त्या ताईंनी सांगितल्यावर.

अशा भेटी प्रत्येक रुग्णालयाने मुद्दाम घडवून आणायला हव्यात, तालुक्याच्या गावीसुद्धा. मात्र काढे-चूर्णं मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.