वाघ-सिंहांना टोप्या घालणं आता पुरे

आज दुपारी एका स्पर्धेच्या मॅस्कॉटचं, म्हणजे शुभंकराचं, चित्र 'जरा मत सांगा' म्हणून माझ्याकडे आलं. उघडलं तर सिंह. दोन पायांवर उभा, अंगठा वर, बत्तिशी बाहेर आणि डोक्यावर पारंपरिक टोपी. मी विचारलं, सिंहच का? उत्तर आलं, सिंह म्हणजे ताकद. बरं. आणि टोपी? 'ती संस्कृती.' पुढे हसरा इमोजी. तेव्हापासून डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

म्हणजे प्राणी कुठूनही उचलायचा आणि संस्कृती वरून चढवायची. याच सिंहाची टोपी बदला आणि कुठल्याही देशातल्या कुठल्याही स्पर्धेत उभा करा, कुणाचं काही अडणार नाही. हेच तर दुखणं आहे!

मला हे जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. कॉलेजात असताना एका क्रीडा महोत्सवात मी मॅस्कॉटच्या आत होते. अक्षरशः आत. अस्वलाचा भाड्याने आणलेला वेष, त्यावर आयोजकांनी पागोटं टाचून दिलेलं. आतल्या माणसाने तोंड उघडायचं नाही असा नियम. अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून दिसेल तेवढंच जग, आणि उकाड्याचं तर विचारूच नका. मुलं येत होती, हात मिळवत होती, छान चाललं होतं. तेवढ्यात एका पोराने पागोटं ओढलं. ते सरळ त्याच्या हातात आलं. आणि तो जोरात ओरडला, "हे तर वाढदिवसाला आलेलं तेच अस्वल!"

एवढी मोठी समिती होती, तिला जे दिसलं नाही ते त्या पोराला एका झटक्यात दिसलं. तेव्हापासून कुठलाही शुभंकर पाहिला की मी मनातल्या मनात त्याचं पागोटं ओढून बघते.

१९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा सॅम घ्या. गरुड हे अमेरिकेचंच चिन्ह, त्यावर पुन्हा अंकल सॅमची, म्हणजे चित्रांत अमेरिका म्हणून दाखवतात त्या म्हाताऱ्याची, उंच टोपी. एकच गोष्ट दोनदा सांगायची, आणि दुसऱ्यांदा ओरडून. मेक्सिकोने तर फुटबॉल विश्वचषकाला पहिल्या दोन्ही वेळा सोंब्रेरोच, म्हणजे आपली रुंद काठाची टोपीच, काढली. १९७०मध्ये हुआनितो नावाच्या मुलाच्या डोक्यावर, १९८६मध्ये मिशा फुटलेल्या हालापेन्यो मिरचीच्या डोक्यावर. बाहेरचे लोक ज्या चित्राला हसतात तेच आपण होऊन काढून द्यायचं, याला काय म्हणावं?

सोल ऑलिम्पिकचा होदोरी मात्र... बरं, तिथे टोपी शोभते. नाइलाजाने मान्य. १९८८चा तो वाघ, कोरियन लोककथांत जागोजागी भेटणारा. त्याच्या डोक्यावरची सांगमो म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या वाद्यवृंदातल्या नर्तकांची टोपी. तिला लांब फीत असते आणि मानेला झटके देत ती गरागरा फिरवायची असते. चित्रात त्याच फितीचा इंग्रजी 'एस' झालाय, सोलचा. टोपी घालून तो वाघ काहीतरी करतोय, आमच्या अस्वलासारखा नुसता घालून उभा नाही.

आणि पॅरिस २०२४! तिथे तर टोपीलाच हातपाय फुटले. फ्रीज नावाचा तिथला शुभंकर म्हणजे फ्रिजियन टोपी, गुलामगिरीतून सुटलेल्यांची खूण मानली गेलेली, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत स्वातंत्र्याची खूण झालेली, फ्रान्सचं प्रतीक असलेल्या मारियानच्या डोक्यावरची. २०२२मध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा जगाने नको नको ते विनोद केले. करू देत. पॅरालिम्पिकच्या फ्रीजला एका पायाच्या जागी धावण्याचं पातं आहे. ओढून दाखवा हिचं पागोटं. ओढणार काय? सगळीच टोपी आहे!

मला सगळ्यात आवडतो तो ब्राझीलचा २०१४चा फुलेको. आर्माडिलो, अंगावर कवच असलेला प्राणी. त्याची ती जात धोका दिसला की अंगाचा गोल चेंडू करते. फुटबॉल स्पर्धेसाठी याहून वेगळं काय हवं? शिवाय त्या प्राण्याचं अस्तित्वच धोक्यात आलेलं. ओडिशातल्या हॉकी विश्वचषकाचं ऑली कासवही असंच. ऑलिव्ह रिडले कासवं त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, त्याला ओडिशाचं करायला वेगळा पोशाख लागत नाही. (२०२२च्या चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमधल्या 'तंबी'ने वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलीय, हे कुणीतरी कमेंटमध्ये काढणारच. अहो, पण तो घोडा पटावरचा आहे. आधी बुद्धिबळ, मग वेष्टी.)

मॉस्को ऑलिम्पिकच्या मिशा नावाच्या अस्वलाबद्दल लिहिताना मात्र माझा आवाज खाली येतो. पाश्चात्त्य व्यंगचित्रांत रशिया म्हणजे कायम नखं काढून उभं असलेलं अस्वल. १९८०मध्ये मॉस्कोने तेच अस्वल घेतलं आणि मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या व्हिक्टर चिझिकोव्ह यांनी त्याचं पिल्लू करून जगासमोर ठेवलं. डोक्यावर काही नाही, कमरेला पट्टा आणि त्यावर पाच वर्तुळं. समारोपाला प्रेक्षागृहातल्या माणसांनी हातातले रंगीत फलक बदलत त्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळवला, मग फुग्यांना बांधलेला मिशा वर निघून गेला. त्याच वेळी त्याच देशाचं सैन्य अफगाणिस्तानात होतं, हेही विसरता येत नाही. गोंडस चेहऱ्याने बरंच काही झाकता येतं, मान्य.

पण म्हणून संस्कृतीच नको म्हटलं की अटलांटाचा इझी होतो. १९९६. आधी त्याचं नाव व्हॉटिझिट होतं. निळा, संगणकावर घडवलेला, ना प्राणी ना माणूस. जगभर टिंगल झाली. निदान त्याने टोपी घालून संस्कृतीचं सोंग तरी आणलं नाही!

हो, पैसा लागतो, खेळणी खपावी लागतात, कळतं मला. बीजिंगचा बर्फाच्या कवचातला पांडा घ्यायला २०२२मध्ये लोकांनी रांगा लावल्या, त्यातल्या कुणी अर्थ विचारला नसेल. पण 'मुलांना काय कळतंय' हे वाक्य माझ्यासमोर काढू नका. अस्वलाच्या आत उभी राहून मी ते ऐकलंय, मुलांना काय कळतं ते. जपानने टोकियोच्या शुभंकरांची निवड थेट प्राथमिक शाळांवर सोपवली होती. २ लाखांहून जास्त वर्गांनी मतं दिली आणि मिराइतोवा निवडला. तिथल्या मोठ्यांचा मान त्यामुळे कमी झाला नाही.

चित्र पाठवणाऱ्यांना मी एवढंच कळवलंय की छपाईला देण्याआधी ते एका दुसरीच्या वर्गात नेऊन दाखवा, सोबत काहीही न बोलता, आणि पोरं काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून आणा. अजून उत्तर नाही. दोन निळ्या टिका तेवढ्या दिसतायत.