सिस्टरसाठी लॅब कुठे आहे?

आज एका बारशाला गेले होते. जेवणं उरकल्यावर विषय निघाला माझ्या मावसबहिणीच्या लेकीच्या ॲडमिशनचा. पोरीला बारावीला केमिस्ट्री-बायोलॉजीत उत्तम मार्क आहेत, नर्सिंगची सीईटी दिली आहे, आणि ती ठाम आहे की मला बीएस्सी नर्सिंगच करायचंय. तर तिथले एक ज्येष्ठ काका माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले, "एवढे मार्क पाडून बेडपॅन उचलायला जाणार? ही तुझी मावशी बघ, पॉलिमर केलं तिने. त्याला सायन्स म्हणतात. त्यात रिसर्च आहे."

माझं उदाहरण देऊन म्हणाले, म्हणून जास्तच लागलं. बाळाच्या घरी आवाज चढवणं बरं दिसत नाही, म्हणून तिथे थोडक्यात आटोपतं घेतलं. पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये. तेव्हा इथे लिहिते. पोस्ट लांबणार आहे.

हो, मी पॉलिमर केमिस्ट्रीत, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या रसायनशास्त्रात, एमएस्सी केलंय. नंतर प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय. आणि तरीही प्लास्टिकबद्दलचं सगळ्यात नेमकं निरीक्षण मी लॅबमध्ये ऐकलेलं नाही. ते ऐकलं रात्रपाळीच्या एका सिस्टरकडून.

बाबांना पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग, झाला तेव्हा सिव्हिलला ॲडमिट केलं होतं. कुठल्या जिल्ह्यात ते सांगत नाही, त्या सिस्टर अजून नोकरीत आहेत. शिरेतून अँटिबायोटिक चालू, वय झालेलं, शिरा नाजूक. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची प्लास्टिकची बारीक नळी, टिकेचना. हात सुजायचा, सलाईन आउट व्हायचं, पुन्हा नवी सुई, पुन्हा बाबांचं कळवळणं. त्या रात्री सिस्टर चिकटपट्टी लावता लावता म्हणाल्या, "मॅडम, या लॉटची नळी मनगटाजवळ लावली की मुळाशी दुमडते. आधीच्या लॉटची वाकायची, पण परत सरळ व्हायची. ही एकदा दुमडली की दुमडलीच." मग त्यांनी मनगट सोडून चार बोटं वर सपाट जागा शोधली, हाताखाली पुठ्ठ्याचा तुकडा गॉझमध्ये गुंडाळून बांधला. ती इंट्राकॅथ टिकली.

वाकून परत सरळ येणं आणि न येणं. हे आम्हाला मशीनमध्ये नमुना अडकवून, ग्राफ काढून, दोन प्रॅक्टिकलमध्ये शिकवलं होतं. त्या बाईंनी ते मंद दिव्यात बोटांनी ओळखलं होतं, आणि एका लॉटची दुसऱ्या लॉटशी तुलनाही केली होती. काका, याला काय म्हणतात? बेडपॅन उचलणं?

इंट्राकॅथची नळी टेफ्लॉनच्या जातीची असते नाहीतर पॉलियुरेथेनची. पॉलियुरेथेन शरीराच्या उबेने मऊ पडतं, म्हणून शिरेला कमी टोचतं, शीर कमी सुजते. टेफ्लॉन ताठ राहतं आणि दुमडलं की तिथे मोड पडते. दोन्ही पाकिटं बाहेरून सारखीच दिसतात, रंगावरून कळते ती फक्त नळीची जाडी, गुलाबी म्हणजे वीस नंबर आणि निळी म्हणजे बावीस. फरक कळतो तो लावणाऱ्या हाताला आणि सोसणाऱ्या शिरेला.

त्याच सिस्टर म्हणाल्या होत्या की उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत राहिलेल्या खोक्यातले ग्लोव्हज घालता घालताच फाटतात, आणि त्या खोक्यावर त्या स्वतः पेनाने खूण करून ठेवतात. रबर उष्णतेने म्हातारं होतं, त्याच्या साखळ्या तुटतात. आम्ही याला एजिंग म्हणतो, त्यावर पेपर लिहितो, कॉन्फरन्सला जातो. त्यांनी स्टोअरला लेखी कळवलं होतं. उत्तर काय आलं? टेंडरमध्ये पास झालेला माल आहे, वापरा.

मी त्यांना विचारलं, तुमचं शिक्षण किती? एमएस्सी नर्सिंग! मी म्हटलं, मग यावरच का नाही केलं डिझर्टेशन, प्रबंध? त्या हसल्या. त्यांचा विषय होता कुठल्याशा गटातल्या मातांच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामचा परिणाम. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग तक्ते दाखवून शिकवायचं, मग तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. माझ्या यादीतल्या नर्सिंगवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्यापैकी कितीजणींनी नेमका हाच साचा वापरला असेल ते मला ठाऊक आहे, आणि दोष तुमचा नाही. दुसरं काही करायला कॉलेजात होतं काय? फाउंडेशन लॅबमध्ये मॅनिकिन आहे, न्यूट्रिशनच्या लॅबमध्ये शेगडी आहे. एखादी नळी ताणून बघायचं मशीन कुठे आहे? बरं, मातांना शिकवणं निरुपयोगी नाही, तेही कुणीतरी करायलाच हवं. पण दर वर्षी, सगळ्यांनी, तेच?

आता आमच्या बाजूचं ऐका, कारण मला जास्त राग आमच्याच लोकांचा येतो. पॉलिमरच्या एमएस्सीला काय करतो आपण? एक कोपॉलिमर बनवतो, आयआर, टीजीए असल्या लॅबमधल्या चाचण्या काढतो, आणि शेवटच्या परिच्छेदात लिहून टाकतो की हे मटेरियल बायोमेडिकल वापरासाठी उपयुक्त ठरू शकेल. लिहिणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला नसतो. गाईडने पाहिलेला नसतो. बेडसोअर कसा दिसतो, लघवीच्या पिशवीचा, युरोबॅगचा, नळ कुठे गळतो, नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब नाकाला कुठे घासते, काही माहीत नसतं. आणि ते वाक्य वर्षानुवर्षं चालतं!

अंतरं तरी किती आहेत? मुंबईत माटुंग्याला आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची १९३३ पासूनची संस्था, पॉलिमरचा स्वतंत्र विभाग. परळला केईएम हॉस्पिटल, पिढ्यान्‌पिढ्या नर्सेस तिथे घडतात. मध्ये एक दादर स्टेशन. पुण्यात पाषाणला १९५० पासून एनसीएल, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आहे, पॉलिमरमध्ये देशात नाव असलेली प्रयोगशाळा. स्टेशनजवळ ससून हॉस्पिटल आहे. एनसीएलने ‘जलशक्ती’ नावाचं, पाणी धरून ठेवणारं पॉलिमर शेतीसाठी काढलं होतं. कोरडवाहू जमिनीचा विचार झाला, फार चांगलं झालं. डायपरमध्येही त्याच जातीचं मटेरियल असतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ कोरडी ठेवण्यात सिस्टरांचा निम्मा दिवस जातो. तो डायपर कुठून गळतो, कशाने पुरळ येतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. विचारा की त्यांना कधीतरी.

भिंत कुठे उभी राहिली तेही सांगते. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंगची कॉलेजं आपापल्या जुन्या विद्यापीठांतून निघून तिकडे जोडली गेली. एसएनडीटीच्या लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंगसारखा एखादा अपवाद सोडा. त्याने परीक्षा एका शिस्तीत आल्या, अभ्यासक्रम एकसारखा झाला, नाकारत नाही. पण ज्या विद्यापीठात केमिस्ट्री-फिजिक्सचे विभाग आहेत, मशीनं आहेत, त्याच्याशी नर्सिंगचा कागदोपत्री संबंधच उरला नाही. उद्या एखाद्या सिस्टरला कॅथेटरच्या मटेरियलवर पीएचडी करायची झाली तर नर्सिंगचा गाईड म्हणेल हा विषय माझा नाही, आणि पॉलिमरचा गाईड म्हणेल ही विद्यार्थिनी माझी नाही. नवीन शैक्षणिक धोरणात बहुशाखीय शिक्षणाबद्दल भरपूर लिहिलंय, ठीक आहे. दोन विद्यापीठांच्या मधल्या या मुलीचं नाव कुठल्या रजिस्टरात लिहायचं ते आधी ठरवा.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नका. त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट बघा. एकाच संस्थेत हृदयाचं आणि मेंदूचं हॉस्पिटल, बायोमेडिकल टेक्नॉलॉजीचा स्वतंत्र विभाग, आणि नर्सेससाठी हृदयरोग व न्यूरो नर्सिंगचे डिप्लोमा. तिथले पहिले संचालक डॉ. वल्याथन स्वतः हृदयाचे सर्जन, पण ऑपरेशन थिएटरबरोबर त्यांनी मटेरियलची प्रयोगशाळा उभी केली. तिथे बनलेली कृत्रिम झडप १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तिच्यातली उघडझाप करणारी चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची आहे. आधीची मॉडेलं फसली होती, मटेरियल बदलत बदलत ते लोक इथवर आले. रक्ताची प्लास्टिक पिशवी देशात बनवायचं तंत्रही तिथलंच. महाराष्ट्रात असं एक आवार का नाही? पैसे नाहीत म्हणू नका, कशाकशाला पैसे निघतात ते आपण बघतोच.

आणि "नर्सने कुठे शोध लावलेत" असं विचारणाऱ्यांसाठी. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची नर्स होती. तिच्या बहिणीचं, थोराचं, आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटावर स्टोमा, म्हणजे मळ बाहेर पडायला केलेलं तोंड, आला. गळेल या भीतीने ती बाई घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेने विचार केला, पातळ प्लास्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला त्वचेवर चिकटणारी कडी, वापरली की टाकून द्यायची. ती प्लास्टिकच्या कारखानदाराकडे गेली, आगे लुई-हान्सन त्याचं नाव. त्याला आधी त्यात राम वाटला नाही. त्याची बायको स्वतः नर्सिंग शिकलेली, तिला क्षणात कळलं, तिने नवऱ्याला तयार केलं. त्यातून १९५७ मध्ये कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. आपल्याकडे कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कितीतरी माणसं तसली पिशवी लावून लग्नाकार्याला जातात, नोकरी करतात, शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही.

एका नर्सची आणि एका प्लास्टिकवाल्याची भेट झाली, एवढंच घडलं तिथे.

ऑपरेशनच्या रबरी ग्लोव्हजचंही तसंच आहे. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरला कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलपटून निघाले, तेव्हा सर्जन हॉल्स्टेडने तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. डॉक्टरांना संरक्षण म्हणून नव्हे, एका नर्सच्या हातांसाठी. आणि सव्वाशे वर्षांनी आमच्या सिव्हिलच्या सिस्टर फाटक्या ग्लोव्हजच्या खोक्यावर पेनाने खुणा करतायत.

लिहिता लिहिता पुन्हा तापले. जरा थांबून चहा घेऊन आले.

काकांचा तसा राग नाही मला. त्यांनी आयुष्यभर नर्सला बेल वाजवल्यावर येणारी बाई म्हणूनच पाहिलंय, आणि हॉस्पिटलांनीही तिला तसंच वागवलंय. त्यांच्या मनात पोरीची काळजीच असेल. पगार कमी, पाळ्या, प्रायव्हेटमध्ये बाँड, हे सगळं खरं आहे. शिकून पुष्कळ मुली आखातात, जर्मनीत, इंग्लंडमध्ये जातात हेही खरं. का नाही जाणार? तिथे त्यांनी वस्तूबद्दल तक्रार केली की फॉर्म भरून घेतात, नमुना जपून ठेवतात, कुणीतरी उत्तर देतं. आपल्याकडेही साधनांच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. पण वॉर्डातल्या किती सिस्टरांपर्यंत तो पोचलाय, तुम्हीच विचारून बघा.

मला त्या सिस्टरांचं अजून एक आठवतं. बाबांच्या शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला इन्सुलिनचं ड्रिप लावायचं होतं. त्यांनी सुरू करण्याआधी नळीतून थोडं सोडून दिलं. पेशंटच्या मुलाने आवाज चढवला, औषध वाया का घालवताय? त्या शांतपणे म्हणाल्या, "इन्सुलिन आधी नळीच्या आतल्या अंगाला चिकटतं. नळीचं पोट भरलं की मगच तुमच्या वडिलांना पूर्ण मिळेल." पीव्हीसीच्या पृष्ठभागावर प्रथिनाचं अधिशोषण, माझ्या एमएस्सीतला अख्खा टॉपिक, त्यांनी त्या चिडलेल्या मुलाला दोन वाक्यांत समजावला. तो गप्प झाला आणि खुर्ची ओढून त्यांना वाट करून दिली.

मला काय हवंय ते सांगते. पॉलिमर शिकणाऱ्या प्रत्येकाने एका सेमिस्टरमध्ये काही आठवडे वॉर्डात घालवावेत. पेशंटला हात लावू नये, हे मान्य, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण सिस्टरच्या मागे उभं राहून बघावं तरी. नर्सिंगच्या पदवीत साधनांच्या मटेरियलचा खरा पेपर असावा, लॅटेक्सचा फॉलीज, म्हणजे लघवीसाठी आत ठेवायची फुग्याची नळी, कधी आणि सिलिकॉनचा कधी, हे कारणासकट शिकवणारा. त्याच्या फुग्यात डिस्टिल्ड वॉटर का भरायचं आणि सलाईन का नाही, हे क्षार साचतात म्हणून, एवढ्यावर न थांबता. आणि एमएस्सी नर्सिंगच्या मुलीला जवळच्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये नमुना घेऊन जायचा हक्क असावा. ओळखीने नव्हे, नियमाने.

नियम होईल तेव्हा होईल. माझ्या बॅचचे तिघेचौघे आज वेगवेगळ्या ठिकाणी विभागप्रमुख आहेत आणि ही पोस्ट वाचतायत, मला माहीत आहे. तुमच्याकडचं टेन्साइल मशीन, नमुना ताणून बघायचं, दुपारी बऱ्याचदा रिकामं असतं. माझ्या ओळखीत दोन नर्सिंग ट्यूटर आहेत, त्यांच्या विद्यार्थिनींना डिझर्टेशनचे विषय याच महिन्यात द्यायचे आहेत. इंट्राकॅथ, ग्लोव्हज, आयव्ही सेट, वेगवेगळ्या लॉटचे नमुने गोळा करून, लेबल लावून मी स्वतः आणून देते. तुम्ही फक्त मशीन आणि एक टेक्निशियन द्यायचा, आणि रिपोर्टवर त्या मुलीचं नाव पहिलं असेल. कोण हो म्हणतंय ते खाली लिहा, फोन मी करते.