"घरी तर चालत होतं हो!"

हे वाक्य आज पुन्हा ऐकलं. पुढच्या वेळी कुणी असं म्हटलं ना, तर तोंडावर सांगणार आहे, मग घरीच दाखवायचं होतं, आम्ही सगळे तिकडे आलो असतो.

माझं प्रेझेंटेशन दुसऱ्या नंबरवर होतं. पहिले वक्ते सुरू व्हायला दोन मिनिटं असताना हाशहुश करत आत आले. हातात मुलाचा नवाकोरा लॅपटॉप, त्याला फक्त टाइप-सी, आणि हॉलमधली केबल एचडीएमआयची. "कन्व्हर्टर आहे का कुणाकडे?" अहो, लॅपटॉप तुम्ही आणलाय, त्याला कुठली पिन लागते ते आम्ही बघायचं? मुकाट्याने माझा काढून दिला.

मग पडद्यावर नुसता वॉलपेपर. लगेच चार हौशी मदतनीस धावले आणि प्रत्येकाने वेगळं बटण दाबलं. विंडोजच्या बटणासोबत पी दाबून डुप्लिकेट निवडलं की काम होणार होतं, पण सांगेपर्यंत एकाने रीस्टार्ट मारलासुद्धा. आणि रीस्टार्ट म्हटल्यावर काय, साचलेलं अपडेट! निळा पडदा, गरगर फिरणारे ठिपके, 'कॉम्प्युटर बंद करू नका'. चाळीस माणसं ते ठिपके बघत बसली होती.

एकदाची फाइल उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि टिंबं यांचा काला. का, तर मजकूर घरच्या कॉम्प्युटरवर कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, आणि तो फॉन्ट या लॅपटॉपवर नाहीच. कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर विंडोजसोबतच येणारा निर्मला फॉन्ट तरी धावून आला असता. तेही नको, निदान एक पीडीएफ! तिच्यात फॉन्ट आतच बसतात, कुठेही उघडा. व्हिडिओचीही तीच गत. स्लाइडमध्ये नुसती लिंक, खरी फाइल राहिली घरी. पॉवरपॉइंट आलं १९८७ साली. हे काही काल बाजारात आलेलं नाही हो!

मधेच त्या मुलाच्या मित्राचा मेसेज कोपऱ्यात उगवला, 'त्या टकल्याने असाइनमेंट घेतली का रे?' अख्खा हॉल हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण नोटिफिकेशन बंद करायला किती वेळ लागतो?

एकोणीस मिनिटं गेली. चाळीस माणसांची एकोणीस, म्हणजे सातशे साठ. बारा तास चाळीस मिनिटं पाण्यात! आणि ती भरून कुणाकडून काढली? आयोजकांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली, 'जरा आवरतं घ्या, सात मिनिटांत बसवा.' मी अर्धा तास आधी येऊन पडदा, आवाज, माइक सगळं बघून ठेवलेलं. शेवटच्या रांगेत उभं राहून आकडे वाचता येतात का ते पाहिलेलं. पेन ड्राइव्हवर एक प्रत, ईमेलमध्ये दुसरी. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलेलं, वीस मिनिटांत चोख बसवलेलं. त्यातल्या तेरा मिनिटांवर पाणी सोडलं, कारण दुसऱ्या कुणाला आदल्या रात्री ती फाइल त्या लॅपटॉपवर एकदा उघडून बघायचा कंटाळा आला.

वर अध्यक्ष म्हणतात, "तांत्रिक अडचणींवर मात करून सरांनी उत्तम मांडणी केली." टाळ्या! वीज गेली, प्रोजेक्टरचा दिवा उडाला, तर ती तांत्रिक अडचण. याला आमच्याकडे आळस म्हणतात.

आणि माझा कन्व्हर्टर? तो सरांच्या बॅगेतून गेला. फोन केला तर म्हणतात, "अरेच्चा, तुमचा होता होय? मला वाटलं हॉलचाच आहे."