"त्यांना सवय असते"

ट्रेकवर आपलं सामान वाहणाऱ्या पोर्टरांबद्दलचं हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणून आधी कबुली.

एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट, वाटेतल्या नामचे गावाचा तो न संपणारा चढ. आम्ही आठ जण आणि चार पोर्टर, म्हणजे दोघांच्या बॅगा एकाच्या पाठीवर. माझी आणि मैत्रिणीची बॅग एकावर एक करकचून बांधलेली, वर आमच्या पोर्टरचं स्वतःचं दप्तराएवढं गाठोडं. सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर. नेपाळीत त्याला नाम्लो म्हणतात. पन्नासेक पावलं झाली की तो थांबायचा, हातातली इंग्रजी टीसारखी आखूड काठी मागे ओझ्याखाली टेकवायचा, ओठांतून शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा आणि पुन्हा चालू लागायचा. मैत्रीण हळहळली. मी म्हणाले, "अगं, त्यांना सवय असते."

सहा दिवसांनी लोबुचेला, जवळपास 4,900 मीटरवर, तो सकाळी लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये डोकं धरून बसला होता. (तिथेच झोपायचे पोर्टर. आम्ही जेवून उठलो की बाकांवर त्यांची अंथरुणं पडायची. आम्ही गप्पा लांबवायचो आणि ते पेंगत वाट बघायचे, हे मला तोवर कळलंसुद्धा नव्हतं.) बुटाची नाडी बांधता येत नव्हती त्याला. गाइडनं शांतपणे सांगितलं, "आजपर्यंतचे पैसे देऊन खाली पाठवतो." एकट्याला.

आमच्यात एक डॉक्टर होता हे त्याचं नशीब. डॉक्टरनं त्याला पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला पोरगा भिंतीवर गेला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण. अशा माणसाला एकटं उतरवणं म्हणजे वाटेत कुठेतरी बसून मरायला सोडणं. डॉक्टर आणि दुसरा एक पोर्टर त्याला धरून खालच्या फेरिचे गावात घेऊन गेले. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना तिथे 1973 पासून आहे. पोरगा वाचला.

परतताना त्याला भेटलो तेव्हा पहिल्यांदा त्याचं गाव विचारलं. खालच्या डोंगरांतलं, भातशेतीचं. तो शेर्पा, म्हणजे उंचावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जमातीतला, नव्हताच; राई जमातीचा होता, आणि नामचेच्या वर पहिल्यांदाच आला होता. ज्या शेर्पांच्या उंचीवरच्या तब्येतीबद्दल आपण कौतुकानं वाचतो, त्यांच्यात आणि ट्रेकवर आपल्या बॅगा उचलणाऱ्या राई, तामांग, मगर मुलांमध्ये फरक आहे. त्या पोराला विरळ हवेची जेवढी सवय होती, तेवढीच मला. फक्त माझ्याकडे डाउन जॅकेट होतं, विमा होता आणि पाठीवर पाच किलो होते.

हा प्रकार नवा नाही. इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संस्था 1997 मध्ये निघाली तीच एका तरुण नेपाळी पोर्टरच्या अशा टाळता येण्याजोग्या मृत्यूनंतर. त्यांच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलंय की आजारी पोर्टरला पैसे हातावर टेकवून एकटं खाली पाठवायचं नाही. म्हणजे असं सर्रास व्हायचं, त्याशिवाय नियम कोण कशाला लिहील?

आता "पण ते खरंच उचलतात हो!" याबद्दल. उचलतात. 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नामचेच्या बाजाराला माल नेणाऱ्या हमालांवर अभ्यास आला होता. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझं नेत होते, बायका 66 टक्के. हे दुकानांचा माल वाहणारे, त्यांना किलोवर पैसे मिळतात. जास्त उचललं तर घरी जास्त जातं. याला सवय म्हणायचं की गरज, तुम्हीच ठरवा. नामचेत बिअरचा कॅन हातात घेतला की मला आता आधी त्याचं वजन जाणवतं.

ट्रेकिंग पोर्टरसाठी नेपाळात साधारण 30 किलोची मर्यादा मानली जाते. मोजतं कोण? गंमत बघा, जिथून ट्रेक सुरू होतो त्या लुकलाच्या विमानात बसताना माझी बॅग काट्यावर ठेवली होती. हातातलं धरून 15 किलो, वर गेलं तर जादा पैसे. विमानतळाबाहेर तीच बॅग माणसाच्या पाठीवर चढली तेव्हा काटा गायब. विमानाला जपतो आपण! पेरूनं 2001 मध्ये पोर्टरांसाठी वेगळा कायदा करून 20 किलोची मर्यादा घातली आणि तिथल्या इंका ट्रेल या ट्रेकच्या वाटेवर, नाक्यावर ओझी तोलली जातात. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वताच्या गेटवरही काटे आहेत. म्हणजे अशक्य काही नाही.

"मग पोर्टर घेऊच नये का?" असं कुणी विचारेलच. घ्या की! त्याच्या हंगामाच्या कमाईवर पाणी ओतून आपण कुठले साधू होणार? प्रश्न आपल्या घासाघीशीचा आहे. विमानाचं तिकीट, परमिट, लॉजचं भाडं, यात एजन्सीला फारसं हलता येत नाही. आपण फुशारकीनं पॅकेज पाडून घेतो तेव्हा ते पैसे येतात कुठून? चाराचे तीन पोर्टर होतात, नाहीतर विमा कागदावरच राहतो. आणि विम्याचं म्हणाल तर 2014 च्या एप्रिलमध्ये एव्हरेस्टच्या हिमप्रपातात 16 नेपाळी कामगार गेले, तेव्हा सरकारनं घरटी आधी 40,000 नेपाळी रुपये देऊ केले होते. शेर्पा भडकले, त्या वर्षीचा हंगाम तिथेच गुंडाळला गेला, विम्याची रक्कम वाढवावी लागली. ही शिखरावर जाणाऱ्यांची कथा, ज्यांच्याकडे जगाचे कॅमेरे असतात. आपल्या बॅगवाल्यासाठी कोण भडकणार?

हे सगळं आज लिहायचं कारण, आमचाच ग्रुप पुन्हा निघतोय आणि एजन्सी शोधायचं काम माझ्याकडे आलंय. तीन ठिकाणी तेच चार प्रश्न पाठवले: एका पोर्टरवर किती किलो, विम्याचा कागद दाखवाल का, वर गरम कपडे आणि झोपायला जागा कोण देतं, आजारी पडला तर सोबत कोण उतरतं. एकीचं उत्तर आलं नाही. दुसरीनं लिहिलं, "मॅडम, ते आमच्यावर सोडा." तिसरीनं विम्याच्या प्रती पाठवल्या आणि पाच जणांमागे तीन पोर्टर लागतील असं सांगितलं. दर अर्थातच सगळ्यांत जास्त.

तो दर व्हॉट्सअॅपवर टाकल्यावर आठातले तिघे गळाले. आम्ही पाच जातोय. माझी बॅग गेल्या वेळी 14 किलोची होती, काल रात्री 9 वर आणली. हेअर ड्रायर नेला होता मी लोबुचेला, आता सांगायला लाज वाटते.