निकोडेमसला ओसाड म्हणू नका

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमस गावावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात निकोडेमसला 'ओसाड गाव' म्हटलेलं मनाला लागलं. १८७७ साली केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी हे गाव वसवलं. घरासाठी लाकूडसुद्धा नव्हतं, म्हणून माणसं जमिनीत खोदलेल्या खोपटांत राहिली. पहिल्या हिवाळ्यात खाण्याचे हाल झाले तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न दिलं. ही गोष्ट लेखात यायला हवी होती, मला तीच सगळ्यात मोठी वाटते.

गावाची वाढ खुंटली ती रेल्वेमुळे. १८८८ मध्ये रूळ नदीपलीकडून गेले आणि दुकानदारही तिकडेच गेले. आज राहणारे मोजकेच, हे खरं. पण दर जुलैअखेर गावाच्या वंशजांचा मेळा भरतो, देशभरातून माणसं येतात, नातवंडांना आजोबांची शेतं दाखवतात. टाउनशिप हॉल म्हणजे गावाचं सभागृह, शाळा, दोन चर्च आणि जुनं हॉटेल या पाच वास्तूंसाठी १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. जमेल तेव्हा या मेळ्यावरही सविस्तर लिहा, वाट पाहतो.